बँड लाइव्ह रेकॉर्ड करायचाय, जुना ॲनालॉग मिक्सर घ्यावा का डिजिटल?

गोंधळी_सांगली
नमस्कार मंडळी. आमचा सात जणांचा बँड आहे सांगलीत, गोंधळ, जोगवा, भारूड असलं पारंपरिक घेऊन त्याला ड्रमकिट, बेस आणि गिटार लावून वाजवतो. जत्रा, गणपती, नवरात्र चालू झालं की कुणाला वेळ नसतो, पावसाळ्यात कार्यक्रम कमी म्हणून ठरवलंय की आपली आपण रेकॉर्डिंग करायची. एकेक वाद्य वेगवेगळं वाजवून नाही, सगळ्यांनी एका हॉलमध्ये बसून एका दमात. संबळवाले काका क्लिकवर (हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर) वाजवायला तयार नाहीत आणि मला पण ते पटतं, गोंधळात लय हळूहळू चढत जाते तीच तर मजा आहे.

चॅनेल मोजले तर असे होतात: ड्रमकिट ७, संबळ २, ढोलकी २, बेस १, गिटार १, पेटी १, गायक २ (पेटीवाला मागून गातो). म्हणजे १६ बरोबर.

आता प्रश्न असा की मिरजेत एका साउंडवाल्याकडे २४ चॅनेलचा जुना ॲनालॉग मिक्सर आहे, स्वस्तात देतोय. त्याच्या जवळपास दुप्पट पैशात सेकंडहँड एक्स३२ (बेहरिंजरचा डिजिटल मिक्सर) मिळतोय. गिटारवाला म्हणतो ॲनालॉगच घ्या, आवाज वॉर्म येतो, डिजिटल कोरडं वाटतं. ड्रमर म्हणतो डिजिटल शिवाय आता कोण काम करतं. रोज तालमीत ह्याच्यावरच वाद चाललाय. ज्यांनी खरोखर बँड रेकॉर्ड केलाय त्यांनी सांगा.

बारा_चॅनेल
पहिलं हे सांगा की त्या ॲनालॉग मिक्सरमधून १६ ट्रॅक बाहेर कसे काढणार? मागच्या बाजूला प्रत्येक चॅनेलला डायरेक्ट आउट (त्या एकाच चॅनेलचा आवाज बाहेर काढायची जागा) आहे का बघा. लाइव्हसाठी बनवलेल्या बऱ्याच मिक्सरला तो नसतो, ४ किंवा ८ ग्रुप आणि एक स्टिरिओ आउट, संपलं. आणि आउट असला तरी पुढे १६ चॅनेलचा इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घालणारा डबा) लागणार, त्याच्या केबलचा लूम (जुडगा) लागणार. हा खर्च धरून मग किमतीची तुलना करा, स्वस्त आहे ते स्वस्त राहत नाही.

मंद्रसप्तक
गिटारवाल्याची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितोय, कारण तो जे म्हणतोय त्याच्यात तथ्य आहे पण ते कुठून येतं हे नीट समजून घ्यायला हवं.

जुन्या मोठ्या कन्सोलची जी कीर्ती आहे ती खोटी नाही. नीव्ह कंपनीचा १०७३ हा प्रीॲम्पचा (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा) मॉड्यूल १९७० चा, त्याच्या आत येताना ट्रान्सफॉर्मर, बाहेर जाताना ट्रान्सफॉर्मर, मधे डिस्क्रीट ट्रान्झिस्टरची क्लास ए सर्किटं. त्याला थोडं जास्त गेन दिलं की आवाज एकदम फाटत नाही, आधी जाड होतो, खर्जात थोडे हार्मोनिक्स मिसळतात, आणि तेच कानाला गोड लागतं. बेस आणि गायकाच्या आवाजाला तर हे फारच शोभतं. मी स्वतः असा आवाज समोर बसून ऐकलाय आणि त्याचं कौतुक करायला मला अजिबात संकोच नाही.

दुसरी गोष्ट हाताची. ॲनालॉगवर १६ चॅनेलचे सगळे नॉब एकाच वेळी डोळ्यासमोर असतात. वाजवणारे रंगात आलेत, संबळ चढलाय, अशा वेळी स्क्रीनवर पान शोधत बसायचं नसतं, हात आपोआप जातो. रेकॉर्डिंग करणारा पण त्या वेळी बँडबरोबर वाजवतच असतो.

आणि तिसरी, जी लोक विसरतात. ॲनालॉगवर ईक्यू लावून (खर्ज-तीव्र पट्ट्या कमीजास्त करून), तोल साधून मगच टेपवर घ्यायचे तेव्हा निर्णय त्याच क्षणी व्हायचा. नंतर बघू हा प्रकार नव्हता. मुंबईत तारदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओला अख्खा वाद्यवृंद एकत्र बसवून गाणी रेकॉर्ड व्हायची, तिथे नंतर बघू म्हणून चाललं असतं का. तुमचा बँड एका दमात वाजवणार आहे, मला वाटतं रेकॉर्डिंग पण त्याच वृत्तीने व्हायला पाहिजे.

खर्जातला_सा
मंद्रसप्तक, नीव्हबद्दल जे लिहिलंत ते शंभर टक्के मान्य. पण मिरजेतला २४ चॅनेलचा लाइव्ह मिक्सर म्हणजे नीव्ह नाही, हे पण त्याच दमात लिहायला हवं होतं. नव्वदच्या दशकानंतरच्या ह्या वर्गातल्या बहुतेक मिक्सरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, आत ऑपॲम्पच्या चिपा असतात, आणि त्यांची सगळी धडपड आवाज जसाच्या तसा पुढे द्यायची असते. म्हणजे तो मिक्सर चांगल्या स्थितीत असेल तर त्याचा आवाज आणि एक्स३२ च्या प्रीॲम्पचा आवाज ह्यात डोळे मिटून फरक ओळखणं फार अवघड आहे. वॉर्म वाटतं ते बऱ्याचदा वरची तीव्र पट्टी थोडी दबलेली असते म्हणून.

आवाजाच्या नॉइजचं पण तेच. १५० ओहमच्या माइकचा स्वतःचाच थर्मल नॉइज साधारण -१३१ डीबीयू असतो, त्याच्या खाली जगातला कुठलाच प्रीॲम्प जाऊ शकत नाही. आजचे साधे प्रीॲम्प पण -१२७, -१२८ च्या आसपास असतात. तीन चार डीबीत एवढं काय भांडायचं, तेही तुमच्या शेजारी संबळ वाजत असताना.

माझं मत विचाराल तर तुमचा निर्णय आवाजावर नाही, वादकांच्या कानात काय जातंय ह्याच्यावर व्हायला पाहिजे. सात माणसं एका हॉलमध्ये, ड्रमकिट आणि संबळ एकत्र, म्हणजे गायकाला हेडफोन लागणार, पेटीवाल्याला लागणार, बेसवाल्याचा ॲम्प बंद ठेवून डीआयने (बेस सरळ मिक्सरला जोडणाऱ्या डबीने) घेतला तर त्याला पण लागणार. आणि प्रत्येकाला वेगळं पाहिजे असतं. गायकाला पेटी हवी, काकांना गायक हवा, ड्रमरला बेस हवा. ॲनालॉगवर हे सगळं ऑक्समधून (वेगळा मिक्स बाहेर काढायच्या वाटेने) द्यायचं, तुमच्या त्या मिक्सरला ऑक्स असतील ४ किंवा ६, त्यातले एकदोन पोस्ट-फेडर (मुख्य फेडर हलला की तेही हलणारे), इफेक्टसाठी राखीव. एक्स३२ ला १६ मिक्स बस आहेत आणि प्रत्येकजण आपल्या मोबाइलवरून आपला मिक्स स्वतः करू शकतो. मी आजवर जेवढी बँड सेशन बघितली त्यातली जी फसली ती प्रीॲम्पमुळे फसलेली नाहीत, कुणालातरी नीट ऐकू येत नव्हतं म्हणून फसली. ज्याला ऐकू येत नाही तो जोरात वाजवतो, मग शेजारचा जोरात वाजवतो, आणि पाचव्या टेकला गायकाचा गळा बसलेला असतो.

कोकणी_बेस
पण डिजिटलला लेटन्सी असते ना? आमच्याकडे एकदा लॅपटॉपला इंटरफेस लावून केलं होतं, ढोलकीवाला वैतागला, म्हणाला माझाच हात मला उशिरा ऐकू येतोय.

खर्जातला_सा
हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण ह्याच अनुभवावरून लोक डिजिटल मिक्सरला नावं ठेवतात.

तुमच्याकडे आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन सॉफ्टवेअरमधून फिरून परत हेडफोनमध्ये येत होता. समजा बफर (लॅपटॉप एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे जाताना ५.३ मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा वेळ, म्हणजे १२ च्या पुढेच गेलं. आवाज हवेत एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा १२ मिलिसेकंद म्हणजे आपलं वाद्य चार मीटर लांबून ऐकल्यासारखं. ढोलकीवाल्याला हाताखालचा बोल आधी आणि हेडफोनमधला नंतर असे दोन बोल ऐकू येतात, तो वैतागणारच.

डिजिटल मिक्सरमध्ये हेडफोनचा मिक्स मिक्सरच्या आतच होतो, लॅपटॉप फक्त बाजूला बसून रेकॉर्ड करतो. एक्स३२ मधून आत येऊन बाहेर पडायला एक मिलिसेकंदाच्या आतच वेळ लागतो. ॲलन अँड हीथचा एसक्यू मिक्सर ९६ किलोहर्ट्झवर चालतो, त्याला तर ०.७ पेक्षा कमी. हा उशीर ढोलकीवाल्याला कळत नाही. तुमची अडचण लॅपटॉपच्या वळशाची होती.

मंद्रसप्तक
ढोलकीवाल्याला कळत नाही हे मान्य, पण गायकाला कळतो. गायकाचा स्वतःचा आवाज हाडांतून कानात लगेच पोचतो आणि इन-इअरमधून एक मिलिसेकंद उशिरा तोच आवाज येतो, दोन्ही मिसळले की ५०० हर्ट्झला, मग १५०० ला असे खड्डे पडतात. गायकाला नेमकं सांगता येत नाही पण तो म्हणतो माझा आवाज पोकळ वाटतोय. ॲनालॉगला हा उशीर शून्य. ज्यांना खालच्या पट्टीत गायचंय त्यांना जास्त जाणवतं.

खर्जातला_सा
बरोबर आहे, हा मुद्दा खरा आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही. उपाय म्हणजे गायकाच्या चॅनेलची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची वरखाली दिशा) उलटी करून बघायची, दोनातली जी बाजू त्याला भरीव वाटेल ती ठेवायची. किंवा एका कानावरचा हेडफोन काढायचा, आपल्याकडे बरेच गायक तसंही करतात.

पॉट_दुरुस्ती
मी पुण्यात हीच कामं करतो, ॲम्प, मिक्सर, स्पीकर. दोन्ही बाजूंचं उघडून बघितलेलं सांगतो.

जुना ॲनालॉग घेताना आवाज वॉर्म का कोल्ड हे नंतर, आधी त्याची पॉवर सप्लाय बघा. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, मग आउटपुटला १०० हर्ट्झची भुणभुण येते. प्रत्येक फेडर आणि प्रत्येक पॉट फिरवून बघा, खरखरतो का. थोडी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, ट्रॅक झिजलेला असेल तर क्लीनर मारून पण चार दिवसांत परत येते. इन्सर्टच्या (चॅनेलच्या मधे बाहेरचं यंत्र जोडायच्या) जॅकमध्ये आतल्या पत्तीवर ऑक्साइड चढतं, चॅनेल मधेच बारीक होतो आणि जॅक दोनदा आत बाहेर केला की सुरू होतो, ही त्याची खूण. पावसाळी हवेत हे सगळं दुप्पट. आतल्या रिबन केबलचे कनेक्टर पण ढिले होतात.

पण एक आहे, हे सगळं मला दुरुस्त करता येतं. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला पार्ट मिळतात, एक चॅनेल गेला तर बाकीचे २३ चालतात. डिजिटलमध्ये मेन बोर्ड गेला की सगळाच मिक्सर गेला, बोर्ड बदलूनच मिळतो आणि तो येईपर्यंत थांबायचं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक गणपतीच्या तोंडावर असाच अडकला होता, कंपनीचं नाव घेत नाही, पण सीझन गेला त्याचा. सेकंडहँड डिजिटल घेणार असाल तर सगळे फेडर सीन (साठवलेलं सेटिंग) बदलून वरखाली पळतात का ते बघा, मोटरचे फेडर आहेत, त्यात धूळ गेली की अडकतात. स्क्रीनवर रेघा नाहीत ना, आणि तासभर चालू ठेवून मगच पैसे द्या. आणि बिगर स्टॅबिलायझर, बिगर यूपीएस डिजिटल मिक्सर चालवूच नका.

गोंधळी_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगत नाही. आज जाऊन तो मिक्सर परत बघून आलो. डायरेक्ट आउट नाहीत, इन्सर्ट सगळ्या चॅनेलला आहेत. ऑक्स ६, त्यातले ४ प्री-फेडर होतात. फेडर तीन चार खरखरतात. आणि अजून एक, आमचा तालमीचा हॉल पिठाच्या गिरणीच्या बाजूला आहे, गिरणी चालू झाली की स्पीकरमध्ये हम वाढतो. डिजिटल घेतला तर तो जाईल का?

बारा_चॅनेल
इन्सर्टमधून पण सिग्नल काढता येतो. बऱ्याच मिक्सरला टीएस (साधा मोनो) जॅक अर्धाच, पहिल्या टकपर्यंत घातला की चॅनेल न तुटता डायरेक्ट आउट मिळतो. पण अर्धवट घातलेले १६ जॅक आणि जुने सॉकेट, दिवसभराच्या रेकॉर्डिंगला त्याचा भरवसा नाही. पूर्ण आत जाणारी, टिप आणि रिंग जोडलेली केबल बनवून घ्यावी लागेल.

हम डिजिटलने आपोआप जात नाही. माइकच्या केबलमध्ये जे शिरलं ते शिरलंच. फक्त जोडण्या कमी होतात: ॲनालॉग मिक्सर, मग १६ केबल, मग इंटरफेस, मग लॅपटॉप, त्यातला प्रत्येक जोड ग्राउंड लूप (अर्थच्या दोन वाटांमुळे येणारा हम) व्हायची जागा. डिजिटलमध्ये एकच यूएसबी. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, हम गेला तर लूप तिथे आहे. सगळं सामान एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवरून घ्या. बेसच्या डीआयला ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधला अर्थ तोडणारं) बटण असतं ते दाबून बघा. अर्थची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका, त्याने माणसं गेलेली आहेत, गायकाचं तोंड माइकला लागलेलं असतं हे लक्षात ठेवा.

आणि हॉलची अर्थिंग वायरमन बोलावून तपासून घ्या, मिक्सर कुठलाही घेतला तरी.

कोकणी_बेस
मधला मार्ग पण आहे की. साउंडक्राफ्टचा सिग्नेचर २२ एमटीके, टास्कॅमचा मॉडेल २४, म्हणजे वरून ॲनालॉगसारखे नॉब आणि आतून मल्टीट्रॅक. टास्कॅम तर सरळ एसडी कार्डवर २४ ट्रॅक घेतो, लॅपटॉपच नको. मंद्रसप्तकांची हाताची हौस भागेल आणि १६ ट्रॅक पण वेगवेगळे मिळतील.

मंद्रसप्तक
हो, पण विकत घेताना ट्रॅक कुठून उचलला जातो ते मॅन्युअलमध्ये नीट बघा. अशा अनेक मिक्सरमध्ये ईक्यू आणि फेडरच्या आधीचा सिग्नल रेकॉर्ड होतो. म्हणजे तुम्ही दिवसभर ईक्यू लावून खूश, आणि घरी फाइल उघडली की कोरा आवाज. माझ्या पद्धतीने काम करायचं असेल तर ते चालणार नाही.

खर्जातला_सा
एक्स३२ मध्ये पण लॅपटॉपला ट्रॅक देणाऱ्या कार्डला लोकल इनपुट जोडले की प्रीॲम्पनंतरचा कोराच सिग्नल जातो, आणि मला ते हवंच असतं. इथे आमच्या दोघांचं पटणार नाही. कारण सांगतो. हॉलमध्ये संबळ समोर वाजत असताना हेडफोनमधून कुणाला संबळाचा ईक्यू ठरवता येईल? बाहेरचा आवाज हेडफोन भेदून कानात येतोच. आपण ठरवलेला ईक्यू हॉलच्या आवाजाला धरून असतो, फाइलमधल्या आवाजाला नाही. तारदेवला इंजिनिअर वेगळ्या खोलीत बसत होता, ह्यांच्याकडे तशी खोली नाही. म्हणून गेन ठरवा, माइकची जागा ठरवा, तो निर्णय तिथेच घ्या आणि ठाम घ्या, बाकी कोरं घ्या.

कोरं घेतल्याचा दुसरा फायदा, एक टेक झाला की तोच रेकॉर्ड केलेला बँड इनपुटच्या जागी कार्डवरून परत मिक्सरमध्ये आणायचा. सगळ्यांना बसवून ऐकवा, काका स्वतः सांगतील दुसऱ्या कडव्यात ढोलकी धावली. मोठ्या ॲनालॉग स्टुडिओंना पण अशा सोयीची आस होतीच, एसएसएल ४००० ह्या कन्सोलचं नाव झालं ते आवाजाइतकंच त्याच्या रिकॉलमुळे. तिथे कॉम्प्युटर नुसती नॉबची जागा दाखवायचा आणि असिस्टंटने एकेक नॉब हाताने फिरवून परत तिथे आणायचा.

गेन डिजिटलवर ठेवताना एकच सवय बदलावी लागते. ॲनालॉगवर आपण व्हीयू मीटरच्या शून्याच्या वर सुई ढकलतो कारण त्याच्या वर अजून १८, २० डीबी जागा असते. डिजिटलच्या मीटरवर शून्य म्हणजे कडा, त्याच्या पुढे आवाज सरळ तुटतो. तेव्हा सरासरी -१८ च्या आसपास आणि सगळ्यात जोराचा घाव -१० च्या खाली. २४ बिटमध्ये नॉइजची भीती बाळगायचं कारण नाही. आणि तालमीत जेवढं वाजवतात त्यापेक्षा रेकॉर्डिंगला लाल बटण दाबलं की सगळे जोरात वाजवतात, तेवढी जागा आधीच ठेवा.

जागेचा हिशोब: ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला एका ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी, १६ ट्रॅकला तासाला साधारण ८.३ जीबी. त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायची, झोपायच्या आधी.

पॉट_दुरुस्ती
दादा, माझं ऐकाल तर दोन्हीतलं काहीच लगेच विकत घेऊ नका. एक्स३२ कुठल्याही साउंडवाल्याकडे भाड्याने मिळतो, पावसाळ्यात तर पडूनच असतो. दोन दिवस भाड्याने घ्या, बरोबर त्याचा ऑपरेटर पण घ्या. त्या जुन्या मिक्सरला पैसे घालू नका, फेडर आणि पॉवर सप्लाय मिळून खर्च वाढत जाईल. त्या पैशात संबळ आणि ढोलकीला चांगले माइक आणि डोक्याला घट्ट बसणारे बंद हेडफोन घ्या.

मंद्रसप्तक
ह्याला माझा पण पाठिंबा. ॲनालॉगवर माझा जीव आहे पण तीन फेडर खरखरणारा, डायरेक्ट आउट नसलेला मिक्सर मी पण घेणार नाही. भाड्याने घेतलात तर बेस आणि मुख्य गायकापुरता ट्रान्सफॉर्मर असलेला एखादा चांगला प्रीॲम्प बाहेरून लावून बघा, लाइन इनपुटला द्या. गिटारवाल्याला हवंय ते दोन चॅनेलवर तरी मिळेल.

गोंधळी_सांगली
ठरलं मग, भाड्याने. ओळखीच्या ऑपरेटरशी बोललो, पुढच्या आठवड्यात दोन दिवस देतोय. काकांना सांगितलं की मोबाइलवर आपला आवाज आपण कमीजास्त करता येतो, ते एकदम खूश. वायरमन उद्या येतोय, आणि गिरणीवाल्यांना विचारून त्यांच्या सुट्टीचा एक दिवस पकडलाय. शेवटचा प्रश्न, संबळला माइक कुठे लावू? ऑपरेटरने संबळ कधी रेकॉर्ड केलेला नाही.

खर्जातला_सा
काकांना उभंच वाजवू दे, कमरेला बांधून, बसवलं तर हात बदलतो. दोन्ही भांड्यांना वेगळा माइक, डायनॅमिक, पानापासून (चामड्यापासून) वीतभर वर, काडीच्या वाटेत येणार नाही असा बाहेरून आत तिरका. लहान भांड्याच्या माइकची पाठ ड्रमकिटकडे करा. मोठ्या भांड्यावर बाकदार काडीने जो घुमारा निघतो तो मधोमध नाही, कडेला जास्त मिळतो, तिथे रोख धरा. काका हलतात त्यामुळे स्टँडपेक्षा भांड्याच्या दोरीलाच क्लिप लावता आली तर उत्तम, पण क्लिपचा माइक कंडेन्सर असेल तर त्याला पॅड (सिग्नल दाबायची सोय) आहे का बघा, संबळाचा घाव जवळून फार मोठा असतो आणि माइकच आतून फाटला तर मिक्सरचा गेन कमी करून उपयोग नाही. ढोलकीला दोन्ही बाजूंनी माइक लावलात की खर्जाच्या बाजूची पोलॅरिटी उलटी करून बघा, दोन्ही चॅनेल एकत्र चालू केल्यावर धुम भरतो का पातळ होतो ते ऐका, भरेल ते ठेवा.